सोबत आलेला माणूस

(वार्षिक सभेस जोडून झालेल्या रुग्ण-नातेवाईक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



नेत्रविभागाच्या कामाचा वैद्यकीय आढावा आपण नुकताच ऐकला. शस्त्रक्रिया, शिबिरे व नवी यंत्रसामग्री यांचे तक्ते अहवालात छापलेलेच आहेत. त्यांची पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. आम्ही कार्यालयातली माणसे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, आणि आमची हयात पावत्या, व्हाउचरे व ताळेबंद यांत गेलेली. डोळ्यांच्या विकारांवर व्याख्यान देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या खिडकीवर केसपेपर निघतो ती खिडकी आमच्या खात्याची आहे, आणि तेथून जे दिसते ते तपासणीच्या खोलीतून दिसतेच असे नाही. त्या खिडकीपाशी वयोवृद्ध रुग्ण क्वचितच एकटा येतो. त्याच्याबरोबर कोणीतरी असते. आजचे हे चार शब्द त्या 'कोणीतरी'विषयी आहेत.

यास एक तात्कालिक कारणही आहे. आपल्या जमाखर्चात 'रुग्णसोबती खर्च' असे एक शीर्ष आहे. रुग्णाबरोबर आलेल्या एका व्यक्तीचे दोन वेळचे जेवण, रात्री पाठ टेकावयास चटई व चादर, आणि ज्याच्यापाशी खरोखरच पैसे नाहीत अशाचे परतीचे भाडे, एवढेच त्यात येते. रक्कम मोठी नाही. तरीही दर वर्षी सभेत कोणी ना कोणी विचारतेच की, देणगीदाराने पैसा रुग्णासाठी दिला असता तो धडधाकट नातेवाइकाच्या भाकरीवर का खर्च व्हावा? प्रश्न रास्त आहे. धर्मादाय रुग्णालयांना जो निर्धन रुग्ण निधी ठेवावा लागतो त्यातून रुग्णाचे बिल वळते होते, सोबत्याची पोळीभाजी नव्हे. हा खर्च सर्वस्वी आपल्या देणग्यांवर पडतो, आणि म्हणून त्याचे समर्थन करण्याची जबाबदारीही आमच्यावर येते.

प्रथम मोतीबिंदूचे घेऊ, कारण ते सर्वांत सोपे आहे. देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. सरकारी रुग्णालयांत व धर्मादाय संस्थांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य अथवा नाममात्र खर्चात होते. असे असूनही २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के निघाला. जो विकार अल्पावधीच्या शस्त्रक्रियेने दूर होतो, त्याच विकाराने दोनतृतीयांश माणसे अंधारात बसलेली असावीत, याचा अर्थ अडचण केवळ शस्त्रक्रियागृहात नाही. पन्नाशीपुढील लोकांच्या दृष्टीची पाहणी करण्यासाठी अनेक देशांत जी एक ठरीव पद्धत वापरतात, तिच्या प्रश्नावलीत 'शस्त्रक्रिया का करून घेतली नाही' या प्रश्नाखाली 'सोबत यावयास कोणी नाही' अशा अर्थाचे कारण आधीपासूनच नोंदवून ठेवलेले असते. म्हणजे ही केवळ आपल्या तालुक्याची तक्रार नव्हे.

पूर्वी गाडीभाड्याची अडचण सांगितली जाई. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत मिळाली. तेव्हा आजीबाईंचे भाडे हा आता मोठा प्रश्न राहिलेला नाही. प्रश्न आहे तो तिला घेऊन येणाऱ्या मुलाच्या मजुरीचा. तपासणीला एक दिवस, शस्त्रक्रियेला दोन, पुढच्या फेरतपासणीला आणखी एक. रोजावर जाणाऱ्याचे इतके खाडे पडले की घरातला आठवड्याचा बाजार अडतो. म्हणून आईचा डोळा आधी पेरणीनंतर, मग सुगीनंतर, मग धाकटीच्या लग्नानंतर असा पुढे ढकलला जातो. यात निष्ठुरपणा असतोच असे नाही. बहुधा तो हिशेब असतो, आणि हिशेब आम्हांला कळतो. दोन जेवणे व रात्रीचा आसरा मिळाला तर तो हिशेब थोडा तरी बदलतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हाताऱ्या स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक वाक्य खिडकीवर नेहमी कानी पडते: "माझं आता काय पाहायचं राहिलंय?" हे वाक्य नम्रतेचे म्हणून घेण्याची चूक घरच्यांनी करू नये. ते बहुधा स्वतःमुळे कोणाचा खाडा पडू नये यासाठी बोललेले असते. "मोतीबिंदू अजून पिकायचा आहे" हे वाक्यही त्याच जातीचे. तो पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस गेले; उलट फार उशीर झाल्यास शस्त्रक्रिया अवघड होते, हे आमचे डॉक्टर प्रत्येक शिबिरात सांगतात.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपले असेही नाही. पुढे काही आठवडे डोळ्यात थेंब घालावे लागतात, आणि ज्याच्या हाताला कंप आहे त्याने आपल्याच डोळ्यात थेंब घालणे म्हणजे काय, हे एकदा करून पाहावे. निम्मे औषध गालावरून ओघळते. आपण घरी पाठविण्याच्या कार्डावर 'घरी थेंब कोण घालणार?' असा एक रकाना ठेवला आहे. त्या रकान्यात बहुतेक वेळा 'सून' अथवा 'नात' असे लिहिलेले आढळते. या मुलींना आमच्या परिचारिका पाच मिनिटांत सारे शिकवितात: हात धुवावेत, खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब टाकावा, बाटलीचे टोक डोळ्याला टेकवू नये, डोळा मिटवून नाकाकडचा कोपरा बोटाने थोडा वेळ दाबून धरावा, आणि दुसरे औषध असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. दोन बाटल्या दिसावयास सारख्या असल्या तर एकीला एक रबर बँड आणि दुसरीला दोन लावावेत, म्हणजे आजोबांनाही बोटांनी ओळखता येतात. या पाच मिनिटांच्या शिकवणीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवावा हे आम्हांला अद्याप सुचलेले नाही.

काचबिंदूची गोष्ट निराळी व अधिक कठीण. तेथे थेंब आयुष्यभराचे, आणि त्यांनी काही सुधारल्याचे रुग्णाला कधीच जाणवत नाही. कारण ते गेलेली दृष्टी परत आणण्यासाठी नसून उरलेली राखण्यासाठी असतात. "काही फरक पडत नाही, मग कशाला?" असे म्हणून घरीच औषध थांबते. दर महिन्याला न दिसणाऱ्या लाभासाठी पैसे मोजावयास लावणे हे विमेकऱ्याचे काम. येथे ते मुलालेकींना करावे लागते.

आता ज्यांची दृष्टी परत येणार नाही अशांकडे वळतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी, नेत्रपटलाच्या मध्यभागाची वार्धक्यातील झीज, मधुमेहाने झालेली हानी, अशा रुग्णांना डॉक्टर एके दिवशी सांगतात की, आता यापुढे चष्म्याने वा शस्त्रक्रियेने विशेष सुधारणा होणार नाही. ते कुटुंब बाहेर येऊन बाकावर बसते. आमच्या कार्यालयाचे दार त्या बाकासमोर आहे. त्या वेळी घरच्यांच्या मनात दोनच कल्पना असतात: दिसते, किंवा दिसत नाही. यांच्या मधला मोठा प्रदेश त्यांना कोणी सांगितलेला नसतो, आणि पुढचे बरेचसे दुःख त्या अज्ञानातून उत्पन्न होते.

नेत्रपटलाच्या मध्यभागाची झीज झालेल्या माणसाला जेथे नजर रोखावी तेथेच धूसर ठिपका दिसतो. कडेचे मात्र दिसत राहते. अशा आजीबाईंना समोर उभ्या असलेल्या सुनेचा चेहरा ओळखता येत नाही, पण खाली जमिनीवर पडलेली टिकली दिसते. सून म्हणते, "टिकली दिसते आणि मी दिसत नाही?" काचबिंदू बळावलेल्या माणसाचे याच्या उलट. मधले शाबूत राहते आणि कडा मिटत जातात. जणू नळीतून पाहावे तसे. असे आजोबा वर्तमानपत्रातला बारीक मजकूर वाचतात आणि उठून जाताना दाराच्या चौकटीवर किंवा रांगणाऱ्या पणतवावर आदळतात. घरचे म्हणतात, "पेपर वाचता येतो, मग हे पाहता येत नाही?" दोन्ही घरांत एकच शब्द उच्चारला जातो, 'सोंग'. आमच्या समुपदेशक भगिनी हा शब्द इतक्या वेळा ऐकतात की, आता त्या आधीच एका जाड कागदाला मध्ये काळा ठिपका लावून तो नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर धरतात, आणि नंतर हाताची नळी करून तिच्यातून चालावयास सांगतात. चार पावले चालल्यावर घरचा माणूस गप्प होतो. प्रकाशाप्रमाणे दृष्टी बदलते हेही लक्षात घ्यावे: सकाळी अंगणात तांदूळ निवडणारी बाई संध्याकाळी त्याच अंगणात चाचपडते, यात लबाडी काही नाही.

याहून नाजूक अशी एक गोष्ट आहे, आणि ती या व्यासपीठावरून सांगावी की नाही याचा आम्ही विचार केला. दृष्टी बरीच गेलेल्या काही वृद्धांना नसलेल्या गोष्टी दिसतात. भरजरी कपड्यांतली माणसे, लहान मुले, पक्षी, भिंतीवर वेलबुट्टी. ती बोलत नाहीत. येतात, थोडा वेळ राहतात व जातात. स्वित्झर्लंडमधील निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत हे नोंदविले. आजोबा नव्वदीच्या आसपासचे, मोतीबिंदूने दृष्टी मंद झालेले, बुद्धीने पूर्ण सावध; आणि त्यांना माणसे, पक्षी, गाड्या व इमारती दिसत. बोने यांच्याच नावाने आज हा प्रकार ओळखला जातो. डोळ्यांकडून येणारा मजकूर कमी झाला की मेंदू रिकाम्या जागा आपल्या साठ्यातून भरतो, असे डॉक्टर समजावतात. हे वेड नव्हे. परंतु आपल्या घरांत याला दोनच नावे मिळतात, एक 'बाधा' आणि दुसरे 'डोके फिरले'. त्या भीतीने म्हातारी माणसे हे कोणाला सांगत नाहीत; रात्रीच्या रात्री उशाशी उभी असलेली मुले पाहत पडून राहतात. तेव्हा घरच्यांनी आपण होऊन, सहज स्वरात विचारावे: "काही नसलेलं दिसतं का हो कधी?" हो म्हणाले तर घाबरू नये आणि हसूही नये, डॉक्टरांना सांगावे, कारण अन्य आजारांनी वा औषधांनीही असे भास होऊ शकतात व ते तपासावे लागते. बाकी, बऱ्याच रुग्णांना हे इतरांनाही होते एवढे कळल्यानेच अर्धे बरे वाटते.

आता मदतीच्या पद्धतीविषयी. येथे आमचा अनुभव थोडा अनपेक्षित आहे. घरचे लोक मदत करीत नाहीत ही तक्रार आम्ही ऐकतोच, पण घरचे लोक अति करतात ही तक्रार, हळू आवाजात केलेली, तितकीच ऐकतो. साठ वर्षे पोळ्या लाटलेल्या हातांतून दृष्टी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी लाटणे काढून घेतले जाते. "तुम्ही बसा हो, आम्ही आहोत ना." बसण्याची जागाही ठरते, बहुधा कोपऱ्यातली. श्रावणबाळ आपणां सर्वांना पूज्य आहे. परंतु त्याच्या कावडीत बसलेल्या आईवडिलांना पाय होते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. महाभारतातही पाहा. गांधारीने डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली, तो त्याग मोठाच. पण धृतराष्ट्राला दररोज उपयोग झाला तो संजयाचा. समोर काय आहे ते जसेच्या तसे सांगणारा माणूस वृद्धाला हवा असतो. त्याच्याबरोबर अंधारात बसणारा नको, आणि त्याच्या वतीने सारे उरकून टाकणाराही नको.

चालण्याचेच घ्या. रस्त्यावर आपण वृद्धाचा दंड धरून त्याला पुढे ढकलत नेतो. त्याऐवजी त्याने आपला हात कोपराच्या वर धरावा आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. आपल्या अंगाच्या हालचालीवरून त्याला वळण, चढ व उतार आपोआप कळतो. पायरी आली की 'जपून' एवढे म्हणून भागत नाही. 'पायरी वर' किंवा 'पायरी खाली' म्हणावे. खुर्चीवर दाबून न बसविता त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून द्यावा. खोलीत शिरताना आपले नाव सांगावे आणि निघतानाही सांगून निघावे, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. असे एकदा झाले की तो बोलणेच कमी करतो.

जेवणाच्या बाबतीत आपल्याकडे तर आयती सोय आहे. आपल्या जुन्या पद्धतीच्या ताटात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते: वर मध्ये मीठ, डाव्या अंगास लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजव्या अंगास भाजी, आमटीची वाटी, मध्ये भात, पोळी. ही पद्धत घालणाऱ्यांच्या मनात दृष्टिहीन माणूस होता असे आम्ही म्हणत नाही. पण डावे-उजवे नेमके सांभाळले तर आजोबांना कोणी भरवावे लागत नाही. परदेशी पुस्तकांत घड्याळाच्या काट्यांची युक्ती सांगतात, ती ज्यांना हवी त्यांनी वापरावी. पांढरा भात पांढऱ्या ताटात वाढू नये. गडद रंगाचे ताट घ्यावे. दिव्याखाली चकाकणारे स्टीलही कित्येकांना त्रासाचे होते. पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या रंगाचा जाड पट्टा ओढावा, मोरीच्या वाटेवर रात्री एक दिवा ठेवावा, दार पूर्ण उघडे ठेवावे नाहीतर पूर्ण बंद; अर्धवट उघडे दार कपाळमोक्षाला पुरेसे असते. आणि घरातले सामान हलविण्याची हौस आवरावी. दिवाळीच्या साफसफाईनंतर पडून आलेले वृद्ध आम्ही पाहिले आहेत.

पैशाचा विषय आमच्या खात्याचा असल्याने त्यावर अंमळ रेंगाळतो. दृष्टी गेल्यावर माणसाच्या हातून सर्वांत आधी पैसा जातो. चोरीला नव्हे, तर 'तुम्हांला दिसत नाही, आम्ही पाहतो' या वाक्याने. त्यात भर २०१६ पासून आलेल्या नव्या नोटांची. जुनी १०० ची नोट १५७ मि.मी. लांब व ७३ मि.मी. रुंद, तर ५०० ची १६७ मि.मी. लांब, बोटांना फरक कळे. आताच्या १००, २०० व ५०० च्या नोटांची रुंदी एकच, ६६ मि.मी., आणि लांबी अनुक्रमे १४२, १४६ व १५० मि.मी. एका नोटेत व पुढच्या नोटेत अवघे ४ मि.मी. अंतर. कडेला उठावदार रेषा असतात, पण हाताळलेल्या नोटेवर त्या झिजतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये नोट ओळखून बोलून सांगणारे 'मणि' हे मोबाइलचे ॲप आणले. ज्या घरात नातवंडे आहेत तेथे त्याचा उपयोग होतो. नसतील तेथे जुनी युक्ती बरी: १०० ची नोट सपाट, २०० ची एक घडी, ५०० ची दोन घड्या. घडी घालून देणारा माणूस मात्र विश्वासाचा हवा, आणि घड्या आजोबांच्या समक्ष, मोजून घालाव्यात.

सहीचेही तसेच. दृष्टी मंदावली की सही ओळ सोडते, अक्षरे एकावर एक येतात आणि धनादेश परत येतो. मग पेन्शन मुलाच्या खात्यात वळविण्याची भाषा सुरू होते. तशी आवश्यकता नसते. सही न करता येणाऱ्या वृद्ध व आजारी खातेदाराचा अंगठा साक्षीदारांसमक्ष घेऊन पैसे देण्याची तरतूद आहे. आणि दृष्टिहीन खातेदाराला धनादेश पुस्तिका, ए.टी.एम. किंवा लॉकर नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बँकांना कळविले आहे. मुलांनी खाते सांभाळावे, जरूर सांभाळावे. पण पासबुक दर महिन्याला मोठ्याने वाचून दाखवावे. ताळेबंद वाचून दाखविल्याशिवाय तर आपले विश्वस्त मंडळही मंजुरी देत नाही!

दाखल्याविषयी एकच वाक्य. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पूर्ण अंधत्वाबरोबर 'अल्पदृष्टी'ही समाविष्ट आहे, आणि चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर अनेक सवलती अवलंबून आहेत. 'म्हातारपणी कशाला हा शिक्का' म्हणून कुटुंबे ते काढीत नाहीत, त्यांनी आमच्या कार्यालयात जरूर चौकशी करावी.

मित्रांविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम बोलतो. दृष्टी जाऊ लागलेला माणूस रस्त्यात ओळख देत नाही. समोरून तीस वर्षांचा सोबती हात करून जातो, आणि हा सरळ निघून जातो. सोबत्याला वाटते, माणूस बदलला, मिजास आली. याला तर कोणी गेल्याचे कळलेलेही नसते. असे चार-सहा वेळा घडले की पारावरची बैठक सुटते, भजनी मंडळात जागा रिकामी राहते, आणि घरचे समजतात की 'त्यांनाच आता नको असते.' उपाय फार लहान आहे. भेटताना आपले नाव घ्यावे: "अहो गुरुजी, मी पोस्टातला." 'ओळखा पाहू' हा खेळ कृपा करून खेळू नये, त्यात करमणूक एकाचीच होते.

आपल्याकडे एकाने वाचावे व दहांनी ऐकावे ही परंपरा पोथीपुराणाइतकी जुनी आहे. पारायणात ऐकणाऱ्याला कोणी अपंग मानत नाही. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची मधली दृष्टी पूर्ण गेली आहे. त्यांचे तीन मित्र आळीपाळीने सकाळी येऊन वर्तमानपत्र वाचतात. ठळक बातम्या झाल्या की अग्रलेख, आणि अग्रलेखावर वाद. मित्रांचे उच्चार चुकले की गुरुजी दुरुस्त करतात. यात कोणी कोणावर उपकार करीत आहे असे पाहणाऱ्याला वाटत नाही. ज्यांना गावात वाचणारे नाहीत त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रित पुस्तकांची सोय आहे. १९५२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघाने हे काम दीर्घकाळ केले आहे. पण यंत्र चहाला थांबत नाही. माणसांच्या सहवासाचा हा मुद्दा केवळ भावनेचाही नव्हे. २०२४ साली 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत उपचार न केलेल्या दृष्टिदोषाची भर घातली. सामाजिक एकटेपणा त्या यादीत आधीपासूनच होता.

सोबत्याचेही काही सांगावयास हवे. पुष्कळदा सोबतीला आलेली पत्नी स्वतः ऐंशीच्या घरातली असते, तिचे गुडघे धरलेले असतात आणि तिला विचारले तर ती म्हणते, "मला काय झालंय?" सून तर नोकरी, मुले व सासूबाईंचे थेंब यांच्यामध्ये कधी रडावे हेही ठरवू शकत नाही. अशा घरात दुसऱ्या भावाने महिन्यातून दोन दिवस, नुसते दोन दिवस, येऊन राहिले तरी मोठा आधार होतो. लांब राहणाऱ्या मुलांचे पैसे येतात, त्यांचा अनादर नाही. पैशाबरोबर वारही ठरवून द्यावा, इतकेच. आणि सोबत्याने स्वतःचे डोळेही तपासून घ्यावेत. काचबिंदू घराण्यात चालतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना व मुलांना त्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि सुरुवातीला त्याचे कोणतेही लक्षण जाणवत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी दृष्टी चांगली असतानाही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून नेत्रपटल तपासून घ्यावे. तेव्हा वडिलांना घेऊन आलेल्या चाळिशीच्या मुलाला आमचा कारकून दुसरा केसपेपर काढावयास सांगतो, तो महसूल वाढविण्यासाठी नव्हे. सोबत्याच्या त्या तपासणीचे शुल्क आपण घेत नाही.

हा सर्व तपशील ऐकल्यावर 'रुग्णसोबती खर्च' या शीर्षाविषयी विश्वस्त मंडळाला जे योग्य वाटेल ते त्यांनी ठरवावे. आमची विनंती हे शीर्ष चालू ठेवण्याची आहे, आणि एवढ्यावर न थांबता त्यात दोन बाबी वाढविण्याची आहे. पहिली, दर शनिवारी दुपारी सोबत्यांसाठी एक तासाचा वर्ग. थेंब घालणे, हात धरून चालविणे, ताट वाढणे, ठिपक्याचा कागद व नळीचा प्रयोग. शिकविण्यास आमच्या परिचारिका व समुपदेशक तयार आहेत, आणि खर्च चहापुरता आहे. दुसरी बाब अधिक अवघड. काही वृद्धांना सोबत आणावयास खरोखर कोणीच नसते. मुले नाहीत, किंवा आहेत पण येत नाहीत. शेजारी एकदा येतो, दुसऱ्यांदा संकोच वाटतो. अशांची शस्त्रक्रिया सोबत नाही म्हणून पुढे ढकलावी लागते, कारण एका डोळ्यावर पट्टी असलेल्या एकट्या माणसाला संध्याकाळच्या एस.टी.त बसवून देण्यास कोणताही जबाबदार डॉक्टर तयार होणार नाही.

येथे उपस्थित देणगीदारांपैकी अनेकजण निवृत्त आहेत व आपल्याच शहरात राहतात. त्यांच्याकडे धनादेशाखेरीज आणखी एक मागणे आहे, ते महिन्यातील एका दिवसाचे. सकाळी नऊला यावे, एका रुग्णाचा 'सोबती' म्हणून कागदावर सही करावी, त्याच्याबरोबर थांबावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घरी अथवा गाडीत बसवून द्यावे. रात्री थांबणे ज्यांना जमणार नाही त्यांनी दिवसाचाच वाटा घ्यावा, रात्रीसाठी दुसरा कोणी पाहता येईल. वयाची अट नाही; मात्र जिना चढता यावा, कारण नेत्रविभाग पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्टचे काम मार्चपर्यंत चालणार आहे. नावे नोंदविण्याची वही बाह्यरुग्ण विभागाच्या दोन क्रमांकाच्या खिडकीवर ठेवली आहे. चहापानानंतरही ती खिडकी उघडी राहील.